“दूध आणू का?” अबोला, अकरा मिस्ड कॉल आणि अटॅचमेंट स्टाइल

प्रश्न बराच मोठा होता, बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. ठाण्याला घोडबंदर रोडला राहणाऱ्या एक ताई, वय ३२, लग्नाला ५ वर्षं झाली, मुलगी दीड वर्षाची, घरात सासूबाई. नवरा महापेला आयटीत. भांडण झालं की तो एकदम गप्प, दोन-दोन दिवस अबोला, आणि ह्यांचं बरोबर उलट, मेसेजवर मेसेज, कॉलवर कॉल, शेवटी रडारड. रील्स बघून आणि एक ऑनलाइन टेस्ट देऊन ताईंनी ठरवलंय की मी अँक्शस (सोडून जाईल ह्या धास्तीने मागे लागणारी) आणि तो अव्हॉइडंट (जवळीक टाळणारा), आणि ही जोडी टिकत नाही असं पण कुठेतरी ऐकलंय. तो ६ वर्षांचा होईपर्यंत साताऱ्याकडे आजीजवळ वाढला, आईवडील इकडे कळव्याला, म्हणून तो असा झाला का? बदलेल का? आणि आमच्या मुलीचं पण हेच होणार का?

ताई, मी नौपाड्यात २२ वर्षं कपल काउन्सेलिंग करतेय आणि गेल्या काही वर्षांत एक गंमत बघतेय. आधी लोक यायचे ते “आमचं पटत नाही हो” म्हणत यायचे. आता रिपोर्ट घेऊनच येतात, हा अव्हॉइडंट, मी अँक्शस, ह्याची आई नार्सिसिस्ट, मोबाइलमधे टेस्टचा स्क्रीनशॉट तयार. मला आपल्या पत्रिकेचीच आठवण होते, मंगळ आहे का, नाडी एक आहे का, गुण किती जुळले. त्यात योगायोग बघा, मोठ्या माणसांची अटॅचमेंट मोजायला संशोधक जी प्रश्नावली खूप वापरतात, १९९८ ची, तिच्यात प्रश्न बरोबर ३६ आहेत! पण त्यात कोणाचे गुण कोणाशी जुळवायचे नसतात, ते काम रील्सवाल्यांनी सुरू केलं, आणि आता आमचा छत्तीसचा आकडा आहे हे सायन्सनेच सांगितलं म्हणून दोघं मोकळे.

स्टाइल म्हणजे माणसाची रास नाही. घाबरल्यावर आपण आपल्या माणसाशी कसे वागतो त्याची ती जुनी सवय आहे, आणि ती समोरच्याच्या सवयीत अडकलेली असते, त्यामुळे एकट्या नवऱ्याची टेस्ट घेऊन तुम्हाला अर्धंच चित्र दिसणार. हे कसं ते सांगते, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

अटॅचमेंटला मराठीत छान शब्द आहे, लळा. मूल ज्याचा लळा असेल त्याच्याकडे कधी धावतं? खेळात रमलेलं असताना नाही. पडल्यावर, झोप आल्यावर, कोणी अनोळखी काका घरात आले की. म्हणजे लळा दिसतो तो घाबरल्यावर. हे नीट मांडलं जॉन बोल्बी नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने, जन्म १९०७. त्याची स्वतःची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. श्रीमंत घर, आई भेटणार दिवसातून साधारण तासभर, तेही चहानंतर, बाकी सगळं दाईकडे. जिचा त्याला लळा होता ती दाई तो साधारण चार वर्षांचा असताना निघून गेली, आणि मोठेपणी त्याने सांगितलं की ते दुःख आई जाण्यासारखंच होतं. ही दाई लक्षात ठेवा, साताऱ्याच्या आजीपाशी आपल्याला ती परत लागणार आहे.

मग मेरी एन्सवर्थ ही मानसशास्त्रज्ञ. तिने आधी १९५४ च्या सुमारास युगांडातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन आया आणि बाळं बघितली आणि नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला तो प्रसिद्ध प्रयोग केला. एक खोली, खेळणी, साधारण वर्षाचं मूल, आई दोनदा बाहेर जाते आणि परत येते, सगळं मिळून वीसेक मिनिटांत. लोकांना वाटतं आई गेल्यावर मूल किती रडतं ते बघायचं होतं. खरी गंमत आई परत आल्यावरची. बरीचशी मुलं, साधारण दोन तृतीयांश, रडलेली असली तरी आईला बिलगायची, शांत व्हायची आणि परत खेळायला जायची. काही मुलं कडेवर घे म्हणून आकांत करायची आणि घेतलं की लाथा झाडायची, शांतच व्हायची नाहीत. आणि काही मुलं आई आली तरी खेळण्यातून मान वर करायची नाहीत, जणू काही झालंच नाही. (चौथा एक गट पुढे १९८० च्या दशकात मेरी मेन आणि ज्युडिथ सोलोमन ह्यांनी मांडला, ज्या मुलांना ज्याच्याकडे धावत जायचं ते माणूसच कधीकधी भीतीचं कारण असतं, ती मुलं मधेच थिजल्यासारखी होतात.)

आता त्या मान वर न करणाऱ्या मुलांबद्दल. १९७७ मधे संशोधकांनी ह्या मुलांच्या हृदयाचे ठोके मोजून लिहिलं, तर बाहेरून थंड दिसणाऱ्या ह्या मुलांचे ठोके पण वाढलेलेच होते. आत धडधड चालू, चेहरा कोरा. तुमच्या नवऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंय ना, “त्याला काही फरकच पडत नाही”, तर ते लिहिण्याआधी हे वाक्य दोनदा वाचा.

मी क्लायंट्सना हे हाक आणि ओ ह्या शब्दांत सांगते. प्रत्येक मूल पहिल्या वर्षा-दोन वर्षांत एका प्रश्नाचं उत्तर शोधत असतं, मी हाक मारली तर कोणी ओ देतं का? बहुतेक वेळा देतं असं कळलं तर मूल साध्या आवाजात हाक मारायला शिकतं. कधी देतं कधी नाही असं असेल तर मूल काय करेल, जोरात आणि सारखी हाक मारेल, कारण न जाणो ह्यावेळी ऐकू जाईल. आणि हाक मारली की ओरडा बसतो किंवा माणूस तोंड फिरवतं असा अनुभव असेल तर मूल हाक मारणंच बंद करतं, नुसतं जवळपास घुटमळत राहतं, न मागता. तिन्ही मुलं हुशारच आहेत हो, ज्या घरात आहेत तिथे जे चालतं ते शिकली. अडचण एवढीच की ३५ व्या वर्षी घर बदललेलं असतं आणि हाक मारायची पद्धत तीच.

मोठ्या माणसांच्या प्रेमाला हे लावायचं काम सिंडी हॅझन आणि फिलिप शेव्हर ह्यांनी केलं. अमेरिकेत डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात त्यांनी प्रेमाबद्दलची प्रश्नावली छापली, त्यात तीन छोटे परिच्छेद, ह्यातला तुम्ही कोण ते निवडा. आलेल्या उत्तरांपैकी ६२० त्यांनी तपासली, ५६ टक्के सिक्युअर (नात्यात निर्धास्त असणारे), २५ टक्के अव्हॉइडंट, १९ टक्के अँक्शस, आणि १९८७ मधे पेपर आला. तुम्ही मोबाइलवर दिलेल्या टेस्टची आजी म्हणजे ती पेपरातली प्रश्नावली. पुढे संशोधक खानेबंदीतून बाहेर आले, आता ते दोन गोष्टी मोजतात, आपल्याला सोडून देतील ही धास्ती किती, आणि कोणावर विसंबायला किती नको वाटतं. १८ प्रश्न पहिल्याचे, १८ दुसऱ्याचे. पंख्याचे दोन रेग्युलेटर समजा, बटण नव्हे. दोन्ही कमी ठेवलेले म्हणजे सिक्युअर, दोन्ही जास्त म्हणजे जवळ पण हवं आणि जवळ आलं की पळायचं पण, आणि उरलेले दोन प्रकार तुम्हाला पाठच आहेत. आणि रेग्युलेटर असल्यामुळे तो माणसागणिक फिरतो. ऑफिसमधल्या मित्राशी तासभर मनातलं बोलणारा माणूस बायकोसमोर मुका होतो हे मी दर आठवड्याला बघते.

बरं, आता तुमचा मंगळवार घेऊया. तुम्ही तो इतका बारकाईने लिहिलाय की मला दुसरं उदाहरण शोधायची गरजच नाही.

मुलीचं व्हॅक्सिन होतं, तो साडेसातला येणार होता, आला सव्वानऊला. फोन उचलला नाही, तुम्ही ११ मिस्ड कॉल दिले, शिवाय मेसेज, ब्लू टिक पण नाही. दार उघडल्या उघडल्या तुम्ही म्हणालात “तुला आमची पडलेलीच नाही”. तो काही न बोलता अंघोळीला गेला, टीव्हीसमोर जेवला, झोपला. बुधवार अख्खा अबोला. गुरुवारी सकाळी तो किचनच्या दारात येऊन म्हणाला “दूध आणू का?” आणि तुमचा स्फोट झाला, की दोन दिवस मी मरतेय आणि ह्याला दूध सुचतंय! तो परत गप्प, ह्यावेळी शनिवारपर्यंत.

मी हे वाचताना “दूध आणू का” पाशी थांबले. ताई, ती हाक होती. त्याला जमते तेवढीच, तेवढ्याच आवाजाची. जो मुलगा न मागता घुटमळायला शिकलाय तो दोन दिवसांनी किचनच्या दारात येऊन “मला तुझ्याशी परत बोलायचंय” असं म्हणणार नाही, तो दूधच विचारणार. आणि तुमचे ११ मिस्ड कॉल? ती पण हाकच. पण त्याच्या फोनवर ती हाक दिसत नाही, ११ वेळा “तू नापास” असं दिसतं. तुम्हाला उत्तर येत नाही तशी तुमची पोटातली कळ वाढते आणि हाक मोठी होते, हाक मोठी होते तसा तो आत सरकतो, तो आत सरकतो तशी तुमची अजून मोठी. दोघं एकमेकांना बोलवतायत आणि दोघांनाही वाटतंय की समोरचा आपल्याला हाकलतोय.

माझ्याकडे एक गृहस्थ यायचे (दोन-तीन जणांचं मिळून सांगतेय, कोणी ओळखायचा प्रयत्न करू नका), त्यांना मी विचारायचे की बायको बोलायला लागली आणि तुम्ही गप्प झालात की आत काय चालू असतं? “काही नाही मॅडम.” चार सेशन हेच. पाचव्या वेळी म्हणाले, “मी बोललो तर अजून बिघडणार, गप्प बसलो तर निदान आहे तेवढंच राहील.” बायको शेजारी बसलेली, तिचा चेहरा बघण्यासारखा होता. तिला सात वर्षं वाटत होतं की हा मला शिक्षा करतोय, आणि हा बिचारा स्वतःच्या डोक्याने संसार वाचवत होता.

माझंही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई वरून उपदेश करतेय. मी जोरात हाक मारणाऱ्यातली आहे. लग्न झालं तेव्हा मोबाइल नव्हते, आम्ही कोपरीत राहायचो, नवऱ्याला उशीर झाला की मी गॅलरीत उभी राहून लोकल मोजायचे, ही गेली, ह्यात नव्हता, पुढची गेली, ह्यात पण नाही. तो आला की पहिलं वाक्य “आलात एकदाचे!” असं. काळजी होती हो सगळी, पण ऐकणाऱ्याला फक्त टोमणा ऐकू यायचा.

आणि हे बायका अँक्शस, पुरुष अव्हॉइडंट असं गणित नाही. वाशीच्या एक बँकेतल्या मॅडम होत्या, भांडण झालं की त्या कपाट आवरायला घ्यायच्या आणि नवरा मागे मागे, “बोल ना, बोल ना, काय झालं”. त्याला सगळे नातेवाईक हसायचे. आपल्याकडे पुरुष गप्प असला की “घुम्या आहे पण मनाने चांगला”, बाईने विचारत राहिलं की “किती भुणभुण”. मुलगा पडला की “रडतोस काय मुलीसारखा” हे ऐकत मोठा होतो, त्यातला किती भाग अटॅचमेंटचा आणि किती आपल्या घराघरातल्या शिकवणीचा हे वेगळं काढता येत नाही, आणि काढायची गरज पण नाही.

आता साताऱ्याची आजी. तुम्ही धरून चाललायत की आई जवळ नव्हती म्हणून तो असा. असेलही, पण मला शंका आहे. मूल गावी ठेवणं ही मुंबई-ठाण्याच्या किती घरांची गोष्ट आहे, कळव्याला एक खोली, दोघं नोकरीला, सांभाळायला कोणी नाही, मग पोर आजोळी नाहीतर गावी. त्यात माया नव्हती असं कोण म्हणेल. आणि लळा आईचाच लागतो असं नाही, आजी, काकू, शेजारच्या मावशी, जो रोज ओ देतो त्याचा लागतो. सहा वर्षं आजीच्या कुशीत झोपलेल्या मुलाचा लळा चांगला घट्ट असू शकतो. पण सहाव्या वर्षी काय झालं? शाळेसाठी उचलून ठाण्याला आणला. सगळे म्हणत असणार, बरं झालं बाई, पोरगा आईकडे आला. त्याच्यासाठी तो आईकडे आला नव्हता, आजी सुटली होती. बोल्बीची दाई आठवली? त्या वेळी तो रडला का, कोणी जवळ घेतलं का, की “मोठा झालास आता” म्हणून गप्प केलं, हे मला माहीत नाही, तुम्हाला पण नाही, आणि कदाचित त्याला पण कोणी विचारलेलं नाही. एखाद्या निवांत वेळी आजीबद्दल विचारा. पण काउन्सेलर बनून नाही, “तू तेव्हा ट्रॉमाटाइज झाला असशील” असलं काही नको. आजी काय करायची खायला, झोपताना काय सांगायची, एवढंच. आणि मग ऐका.

एक मात्र स्पष्ट सांगते, लहानपण म्हणजे नशीब नव्हे. अमेरिकेतल्या मिनेसोटात १९७० च्या दशकात जन्मलेल्या मुलांचा संशोधकांनी ती मोठी होईपर्यंत मागोवा घेतला, त्यातून दिसतं की पहिल्या वर्षातल्या लळ्याचा मोठेपणीच्या नात्यांशी संबंध आहे पण तो सैल आहे, मधे काय काय घडलं त्याने बरंच बदलतं. कठीण बालपण असून पुढे मोकळेपणाने जवळ येऊ शकणाऱ्या माणसांसाठी ह्या क्षेत्रात खास शब्द आहे, कमावलेली सिक्युरिटी. मला हा शब्द फार आवडतो. आणि एक गोष्ट रील्समधे कधीच सांगत नाहीत. १९८८ मधे एन्सवर्थच्या त्या खोलीतल्या प्रयोगाचे ८ देशांतले ३२ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या दोन अभ्यासांतला फरक जास्त निघाला, आणि त्या ८ देशांत भारत नव्हताच. त्यामुळे “इंडियन मेन अव्हॉइडंटच असतात” वगैरे कोणी ठामपणे सांगत असेल तर पुढे स्क्रोल करा.

मग करायचं काय. पहिली गोष्ट, भांडणात “तू अव्हॉइडंट आहेस” हे वाक्य बंद. आजपासून. ती आता शिवी झालीय. त्याला ते “तू बिघडलेला पीस आहेस” असं ऐकू येतं, आणि घुमा माणूस त्याने अजून घुमा होतो.

दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, परतीची वेळ. त्याला गप्प बसू द्या, पण वेळ सांगून. जॉन गॉटमन हे जोडप्यांचे भांडतानाचे ठोके वर्षानुवर्षं मोजणारे संशोधक, त्यांचं निरीक्षण असं की ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की माणसाला समोरच्याचं धड ऐकूच येत नाही, आणि शरीर खाली यायला निदान २० मिनिटं लागतात. म्हणजे त्याने उठून जाणं चुकीचं नाहीये, चुकीचं आहे ते न सांगता जाणं. “आत्ता माझं डोकं चालत नाहीये, साडेदहाला मुलगी झोपली की बोलू” हे एक वाक्य. आणि साडेदहाला सुरुवात त्याने करायची, तुम्ही आठवण करून द्यायची नाही. हे शेवटचं फार कळीचं आहे, कारण तुमच्या अंगाला शिकायचंय की मी मागे न लागता पण हा परत येतो, आणि त्याच्या अंगाला शिकायचंय की परत गेलो तर मार नाही बसत. साडेदहाला तो खरंच आला तर पहिलं वाक्य “आता सुचलं का” असं नको, कितीही तोंडावर आलं तरी. आणि तो विसरला तर? पहिल्या दोन-तीन वेळा विसरेल. दुसऱ्या दिवशी शांतपणे एकदाच सांगा, की काल मी वाट बघत होते.

तिसरं तुमच्यासाठी. ११ कॉलच्या जागी एक मेसेज. “कुठे आहेस, मला काळजी वाटतेय, एक ओळ टाक.” मग फोन किचनमधे ठेवून तुम्ही मुलीला घेऊन खाली चक्कर मारा, लास्ट सीन बघू नका. मला माहितीय हे वाचायला सोपं वाटतं, त्या वेळी हात शिवशिवतात, पोटात गोळा येतो, वाटतं आत्ता नाही केला फोन तर काहीतरी होईल. तो गोळा वीस-पंचवीस मिनिटांत ओसरायला लागतो हे तुम्ही स्वतः चार-पाच वेळा अनुभवल्याशिवाय पटणार नाही. आणि त्याला दारात पहिलं वाक्य “तुला पडलेलीच नाही” च्या ऐवजी “मी घाबरले होते”. दोन्ही खरंच आहे तुमच्या दृष्टीने, पण पहिल्याला उत्तर देता येत नाही. दुसऱ्याला देता येतं.

जागेचा पण विचार करा. वनबीएचके, हॉलमधे सासूबाई, बेडरूममधे मूल झोपलेलं, मग तुमची सगळी भांडणं किचनमधे दबक्या आवाजात होत असणार, दात आवळून. अशा आवाजात प्रेमाचं वाक्य पण धमकीसारखं येतं. मी लोकांना सांगते बाहेर पडा. उपवनला जा, तलावपाळीला एक फेरी मारा, काही नाही तर सोसायटीच्या पार्किंगमधे गाडीत बसा. गाडीत एक फायदा असतो, दोघांची तोंडं समोर, डोळ्याला डोळा नाही. गप्प माणसं शेजारी बसून जास्त बोलतात, हे संशोधन वगैरे नाही, माझा अनुभव आहे. एका जोडप्याने मला सांगितलेलं की आमचा संसार घोडबंदरच्या ट्रॅफिकने वाचवला, दीड तास अडकलो की बोलावंच लागतं!

आणि दूध. पुढच्या वेळी “दूध आणू का” आलं तर “आण, आणि आल्यावर दहा मिनिटं बस माझ्याजवळ” एवढं म्हणून बघा. म्हणजे त्याची हाक पण घेतली आणि तुमची पण गेली. दूध आणलं म्हणजे भांडण मिटलं असं त्याला वाटू द्यायचं नाही, ती पण चूक होते काही जणींकडून, बरं वाटतं म्हणून विषय सोडून देतात आणि तो व्हॅक्सिनचा उशीर तसाच राहतो. त्याला उशीर झाला, कळवलं नाही, ते चूकच होतं, त्याचं बोलणं व्हायलाच हवं.

नवऱ्याला हे वाचायला द्यायचं का असं विचाराल. द्या, पण “बघ तुझ्याबद्दल काय लिहिलंय” असं म्हणून नको.

बदलेल का? बदलतात माणसं, पण एकटा नाही बदलत, दोघांमधलं बदलतं आणि मग तो बदललेला दिसतो. माझ्याकडे नेटाने येणाऱ्या जोड्यांत फरक जाणवायला सहा-आठ महिने लागतात, मधे दोनदा वाटतं की सगळं पूर्वीसारखंच आहे. तुमच्या दोघांच्याने नाही जमलं तर एखाद्या कपल थेरपिस्टकडे जा. स्यू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग ह्यांनी १९८० च्या दशकात जी पद्धत बसवली ती ह्याच हाक-ओच्या चक्रावर काम करते, साधारण ८ ते २० सेशनची असते. जाण्याआधी विचारा की तुम्ही जोडप्यांबरोबर काम करायचं ट्रेनिंग घेतलंय का. लाजू नका विचारायला, चांगल्या माणसाला राग येत नाही.

पण एक गोष्ट मला तुमच्या लिहिण्यातून कळली नाही म्हणून विचारतेय. हा अबोला घाबरल्याचा आहे की धाक दाखवायचा? घाबरलेला माणूस गप्प असला तरी घरात पैसे देतो, मुलीला घेतो, दूध विचारतो. धाकवाला आठवडे-आठवडे गप्प राहतो आणि तुम्ही पाया पडेपर्यंत सोडत नाही, पैसे अडकवतो, माहेरी बोलू देत नाही, फोन तपासतो, हात उगारतो. ह्यातलं काही असेल तर वरचं सगळं विसरा, हाक-ओ वगैरे काही नाही, ती हिंसा आहे आणि १८१ ह्या महिला हेल्पलाइनला फोन करा. आणि तिसरी शक्यता, तो आधी असा नव्हता आणि अलीकडेच झाला असेल, झोप नाही, जेवण कमी, रात्रीचे अमेरिकेचे कॉल घेऊन दिवसा मुडदा, दारू वाढलीय, तर ते डिप्रेशन असू शकतं, स्टाइल नाही. डॉक्टरला दाखवा. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

राहिला मुलीचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की तिला पाळणाघरात ठेवते म्हणून अपराधी वाटतं. अमेरिकेत १९९१ मधे हजाराहून जास्त बाळांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला, त्यात असं दिसलं की नुसतं पाळणाघरात ठेवल्याने लळा बिघडत नाही, घरी असताना तिच्या हाकेला किती समजून ओ दिली जाते त्याने जास्त फरक पडतो. आणि ओ दर वेळी अचूक लागते असंही नाही. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या संशोधकाने आया आणि बाळांचे व्हिडिओ बारकाईने बघितले तर चांगल्या जोड्या सुद्धा साधारण ३० टक्के वेळच एकमेकांशी जुळलेल्या असतात, बाकी वेळ चुकणं आणि परत जुळवणं चालू. तुम्ही दोघं तिच्यासमोर भांडलात तर तिच्यासमोर गोड पण व्हा. बऱ्याच घरांत भांडण हॉलमधे होतं आणि मिटतं बंद दाराआड, मग मुलांना फक्त पहिला भाग माहीत असतो.

संध्याकाळी घ्यायला जाता तेव्हा ती तुम्हाला बघून रडते, दिवसभर छान खेळत होती म्हणतात बाई, आणि तुम्हाला बघितलं की भोकाड. तुम्ही लिहिलंय “म्हणजे ती पण अँक्शस झाली का?” अहो नाही! दिवसभर धरून ठेवलेलं ती तुमच्यापाशी सोडतेय. खाली बसा, चपला नंतर घालू, फोन पर्समधे, तिला बिलगू द्या, रडून झालं की ती स्वतःच कडेवरून उतरायला बघेल. दोन-चार मिनिटांचा प्रश्न असतो. शुक्रवारी नवऱ्याचा वर्क फ्रॉम होम असतो म्हणालात ना, एखाद्या शुक्रवारी त्याला पाठवा घ्यायला. आणि घरी आला की विचारा, काय केलं तिने तुला बघून.